उपाशी अजगराचं वजन

माणसांच्या डॉक्टरशी रोगी स्वतः खोटं बोलतो. आम्हा गुरांच्या डॉक्टरांचा रोगी मुका, त्यामुळे खोटं बोलायचं काम त्याच्या मालकाला करावं लागतं. बैलाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असतं आणि मालक सांगतो, "काईच नाई केलं डॉक्टरसाहेब, आपोआपच फुगला." त्याच्याच धोतराला सरकी चिकटलेली असते. उभ्या नोकरीत मी जनावरं कमी आणि माणसं जास्त तपासली, असं आता वाटतं.

दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून गळ घातली गेली, तेव्हा मागणाऱ्यांच्या मनात लसीकरण, साथीचे रोग, चिखलातून सायकल हाकल्याच्या हकिकती असणार. त्याही आहेत. पण त्या प्रत्येक निवृत्त ढोर-डॉक्टरकडे असतात. माझ्याकडे अजगर आहे.

आधी धंद्याबद्दल दोन शब्द. आमच्या जिल्ह्यात गुरांच्या दवाखान्यात निम्म्याअधिक लोक एकच तक्रार घेऊन येतात : "ढोर खाऊन नाही राह्यलं." तक्रार एक, कारणं पन्नास. ताप, जंत, दात, पोटात गेलेला खिळा, नाहीतर नुसता राग. नागपूरहून पदवी घेऊन आलो तेव्हा पहिल्याच बैलाला मी तीन दिवस भूक वाढायची पूड दिली. चौथ्या दिवशी त्या घरच्या म्हाताऱ्या सालदाराने बैलाचा जबडा उघडला आणि जिभेखालून बाभळीचा काटा ओढून काढला. "तोंड पाहाचं राह्यलं वाटते, साहेब," एवढंच तो म्हणाला, तेही अगदी अदबीने. बैल लगेच कडब्याला लागला. मी बॅग उचलून निघालो.

तर अजगर. महाराष्ट्र राज्य होऊन चारेक वर्षं झाली होती. किलो नवाच होता. लोक तोंडाने किलो म्हणत आणि मनात शेर मोजत. माझी नेमणूक धामणगाव बढेला होती. तिथे तात्या म्हणून धान्याचे मोठे आडते होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, शब्दाला पक्के. घरात मांस-मच्छीचं नावसुद्धा निघत नसे. त्यांच्या पत्नी, साऱ्या गावाच्या काकू, माळेच्या बाबतीत तात्यांच्याही दोन पावलं पुढे. मुलगा प्रभाकर दुकानात धान्याच्या काट्यावर उभा राही. आई बोलली की तो गप्प असे, आणि बाप बोलला की अधिक गप्प.

प्रभाकरची बायको कमल. तिचं माहेर जळगाव जामोदकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. घर चांगलं, पण खाणारं. लग्न ठरताना तात्यांनी एकच अट घातली, पोरीने माळ घालायची. तिने ती आनंदाने घातली. काकूंच्या मते मात्र गळा तेवढा माळकरी झाला होता, जीभ माहेरचीच होती. भाजीत मीठ जास्त पडलं तरी काकू म्हणत, "त्याईच्या घरी सारंच चालते." लग्नाला दोन वर्षं झाली, तरी त्या घरात कमलचा एक पाय उंबऱ्याबाहेरच होता. एखादं निमित्त मिळालं की दुसराही बाहेर जाईल, हे शेजारीपाजारी उघड बोलत.

तिच्या आंदणात माहेराहून बांबूची एक कणगी आली होती. धान्य भरायला कणगी उघडली तर तळाशी हातभर लांबीचं अजगराचं पिल्लू. दुसऱ्या कोणी काठी घेतली असती. तात्यांनी हात जोडले. सुनेच्या पावलासोबत आलेला जीव म्हणजे लक्ष्मीच, असं म्हणून त्यांनी तो गोदामात सोडला. तेव्हा असलं जनावर पाळायला कोणाची आडकाठी नव्हती. वर्षभरात गोदामातले उंदीर आटले. दिवसभर पोत्यावर पडून सगळ्यांवर नजर ठेवायची त्याची सवय बघून हमालांनी त्याचं नाव ठेवलं मुनीम.

माळकरी घरात उंदीर खाणारं जनावर कसं, असं मी एकदा तात्यांना विचारलं होतं. "तो त्याच्या नशिबाचं खाते," तात्या म्हणाले. "आपण काय त्याले देऊन राह्यलो?"

पुढे तात्यांनी गोदामाला सिमेंटची फरशी केली, बिळं बुजवली. उंदीर संपले. मुनीम तोवर पुरुषाहून लांब झाला होता आणि हमाल आत जायला बिचकू लागले. म्हणून त्याला घराच्या मागच्या अंगणात जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं. तिथून त्याचं नशीब संपलं आणि घरच्यांची जबाबदारी सुरू झाली. काकूंनी पितळी वाटीत दूध ठेवलं. मग दुधात भाकर कुस्करून ठेवली. मग खीर केली, तीत वेलदोडाही घातला. मुनीमने तोंड फिरवलं. काकू दर तासाला येऊन वाटी त्याच्या नाकापुढे सरकवत, त्याला उचलून जवळ घेत, "खाय रे बापा, दोन घास तरी खाय," म्हणत. दोन महिने झाले, तेव्हा तात्यांनी मला बोलावलं.

कॉलेजात सापांवर एकच तास झाला होता आणि त्या तासाला मी सिनेमाला गेलो होतो. पिंजऱ्यापुढे उभं राहून मी सवयीने नेहमीचे प्रश्न सुरू केले. ताप आहे का, पाणी पितो का, रवंथ करतो का. प्रभाकरने बराच विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "नाई जी, म्या त कधी नाई पाह्यलं." दाराआडून कमलला हसू फुटलं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं तसं ते थांबलं.

त्याच दिवशी मी नागपूरला आमच्या एका गुरुजींना पत्र टाकलं. आठ दिवसांत उत्तर आलं आणि मी जिल्ह्यातला एकमेव सर्पतज्ज्ञ झालो. त्या पत्रातलं सार असं : साप दूध पीत नाही, भाकर तर नाहीच. अजगर एकदा पोटभर खाल्लं की महिना महिना खात नाही. थंडीत खात नाही, कात टाकायच्या आधी खात नाही, उघड्यावर ठेवला तर भिऊन खात नाही. त्याला अंधारी जागा, ऊब आणि एकटेपणा लागतो. सारखा हाताळला तर खाल्लेलंही उलटून टाकतो. आणि खातो ते फक्त जिवंत किंवा नुकतंच मेलेलं जनावर.

हे शेवटचं वाक्य तात्यांच्या ओसरीवर मी इकडचंतिकडचं बोलून मग काढलं. "तात्या, त्याला उंदीर द्यावे लागतील. नाहीतर कोंबडी."

तात्यांचा हात माळेवर गेला. काकू म्हणाल्या, "या घरात ते नाई होणार, डॉक्टर."

"मग सातपुड्यात सोडून द्या. तो त्याचं पाहून घेईल."

"लक्ष्मीसंगं आलेला जीव उपाशी काढू घराबाहेर? उपाशी त भिकारीही जात नाई आमच्या दारातून." मग काकू दाराकडे पाहून म्हणाल्या, "अन् ज्याच्या घरी सारं चालते, त्याईनं बी काई शहाणपणा करू नये. सांगून ठेवतो." दारात कमल चहाचे कप घेऊन उभी होती. तिने कप खाली ठेवले आणि आत गेली.

मी मधला मार्ग काढला. सरकारी नोकरीत तो आपोआप सुचतो. पिंजऱ्यावर गोणपाट टाका, आत एक फुटका रांजण पालथा घाला, कोणी हात लावू नका. आणि दर पंधरा दिवसांनी त्याचं वजन करा, म्हणजे खंगतोय की काय ते कळेल. वजनाची कल्पना माझी. तिची मला तेव्हा फार ऐट होती.

पहिलं वजन दुकानातल्या काट्यावर झालं. मुनीमला पोत्यात घातलं, पोतं आकड्याला टांगलं, प्रभाकरने मापं ठेवली. साडेपाच किलो. पंधरा दिवसांनी पावणेसहा. त्यानंतर सहाच्या वर. तीन महिने उपाशी असलेलं जनावर अन्न न घेता वाढत होतं. ही बातमी बाजाराच्या दिवशी फुटली आणि मोताळ्यापर्यंत गेली. लोक नारळ घेऊन येऊ लागले. एका बाईने पिंजऱ्याची ओटीही भरली. "नुसत्या हवेवर जगून राह्यला," असं माणसं एकमेकांना सांगत.

मी शहाणा होतो. कोणीतरी खाऊ घालतंय हे मला पहिल्याच वाढीला कळलं होतं. कोण, ते लवकरच कळलं.

आधी तात्या आले. दवाखान्यात बैल आणला आणि बैल लंगडतो म्हणाले. मी चारही खूर पाहिले, बैल ठणठणीत. कंपाउंडर पाण्याला गेल्यावर तात्या हळूच म्हणाले, "डॉक्टर, एक कोंबडं किती दिवस पुरते हो त्याले?"

मी बैलाचा खूर हातातून सोडला.

"पाहवत नाई ना बापा. दुपारी सारे निजले की मी माळ काढून खुंटीले अडकवतो. गळ्यात माळ असताना त काई केलं नाई ना म्या? कोंबडं सोडतो, आंघोळ करतो, मंग माळ घालतो. काकूले सांगू नका. ते घर सोडून जाईल."

चार दिवसांनी काकू. त्या देवळातून परत जाताना दवाखान्याच्या पायरीवर टेकल्या. त्यांच्या घरी स्वयंपाकघरात उंदराचा सापळा लावत. सापडलेला उंदीर मारायचा नाही, शेतात नेऊन सोडायचा, असा रिवाज. "म्या रिवाज मोडला नाई," काकू म्हणाल्या. "तात्या पूजेले बसले की मी सापळ्याचं दार उघडतो. फक्त पिंजऱ्यापाशी उघडतो. पुढं त्या उंदराचं नशीब. म्या काई कोणाले मारलं का? पण तात्याईच्या कानावर जाऊ देऊ नका, ते अन्न सोडतील."

त्या गेल्यावर मी दार लावून पोट धरून हसलो. एका घरात दोन माणसं एकाच अजगराला एकमेकांपासून चोरून जेवू घालत होती, आणि दोघं मिळून लोकांना सांगत होती की तो खात नाही. मी दोघांनाही कमी द्या, एवढंच बजावलं. का कमी द्या, ते कोणालाच सांगता येईना. रोग्याच्या घरची गोष्ट बाहेर फोडायची नाही हा धंद्याचा नियम, आणि तो आपण किती चोख पाळतोय या विचाराने मी स्वतःवर खूश होतो.

चौथं वजन भर बाजाराच्या दिवशी ठरलं. दुकानासमोर एवढी माणसं जमली की काटा बाहेर मांडावा लागला. आदल्या सकाळी काकूंचे दोन उंदीर झाले होते आणि त्याच दुपारी तात्यांचं कोंबडं. हे मला मागाहून कळलं. मुनीमला पोत्यात कोंबला, पोतं आकड्याला लावलं, ते हेलकावे खाऊ लागलं. लोक "किती, किती" म्हणून पुढे सरकले. पोत्यात काहीतरी जोरात हललं. प्रभाकरने घाबरून पोतं खाली घेतलं आणि त्याचं तोंड सोडलं.

मुनीम बाहेर आला आणि त्याच्यामागून एक अर्धवट विरघळलेलं कोंबडं आलं. पिसं ओली, पाय शाबूत. असा वास सुटला की पुढची रांग मागच्यांच्या अंगावर गेली. एक माणूस हातातला नारळ घेऊन तसाच घरी चालता झाला.

आता नीट लक्षात घ्या. काकूंनी आजवर फक्त उंदीर दिले होते. कोंबडं कुठून आलं हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. त्यांनी विचार केला, आणि या घरात कोंबड्याला हात लावील असं एकच माणूस त्यांना दिसलं. त्या दिवशी काकू खोटं बोलल्या नाहीत, हे मला आजही सांगितलं पाहिजे.

"हे तुयं काम," त्या कमलला म्हणाल्या.

कमल दुकानाच्या दारात उभी होती. "नाई, आत्याबाई. म्या नाई दिलं."

"मंग कोणं दिलं? तात्याईनं दिलं?"

कमलने पदर पुढे ओढला. तात्या जमिनीकडे पाहत होते, त्यांची मूठ माळेवर इतकी घट्ट होती की बोटं पांढरी पडली होती. "जाऊ द्या, झालं ते झालं," असं काहीतरी ते पुटपुटले. प्रभाकर दोन्ही हातांनी काटा धरून उभा होता. कमलने एकदा माझ्याकडे पाहिलं.

आणि मी काय केलं? मी पुढे झालो आणि जमलेल्या लोकांना अजगराची पचनक्रिया समजावून सांगितली. तो घास चावत नाही, गिळतो, हाडंसुद्धा विरघळवतो, भरल्या पोटी हलवला तर उलटतो. चांगलं पाच मिनिटं बोललो. माझ्याकडे जेवढी माहिती होती तेवढी सगळी दिली, एक सोडून.

माझं बोलणं संपल्यावर काकूंनी पुढे होऊन कमलच्या गळ्यातली माळ काढून घेतली. ओढली नाही, जोर केला नाही. डोक्यावरून सावकाश काढली, देवाच्या गळ्यातला शिळा हार काढावा तशी. कमलने मान खाली केली, म्हणजे ती माळ केसांत अडकू नये.

दोन दिवसांनी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. "चार दिवस माहेरी राहू दे," असं बाहेर सांगितलं गेलं. जिथून आलं तिथं जावं म्हणून त्याच गाडीत कणगी ठेवली आणि कणगीत मुनीम. मी दवाखान्याच्या पायरीवरून गाडी जाताना पाहिली. धंद्याचा नियम होता, नवी नोकरी होती, तात्यांचं गावात वजन होतं, आणि रोज त्यांच्याकडे चहा होता. मी ही चारही कारणं स्वतःला आळीपाळीने सांगत असे. त्यातलं एकही खरं कारण नव्हतं, मला नुसती भीती वाटत होती. त्या भीतीची मला आजही लाज वाटते.

एकदा मी तात्यांकडे विषय काढला. ते म्हणाले, "येईल ते. काकूचा राग उतरला की आणू." काकूंचा राग उतरला, पण बाजाराच्या तोंडावर काढलेली माळ परत कशी घालायची, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

वर्षभराने माझी बदली जळगाव जामोदला झाली. एका सकाळी एका मळ्यावर बोलावणं आलं, बैल खात नव्हता. गेलो, तोंड उघडलं, दाढ किडली होती. हात धुऊन ओसरीवर बसलो तर चहा घेऊन कमल आली. गळा रिकामा होता. मी ओळखीचं हसलो, तीही हसली.

"मुनीम?" मी विचारलं. दुसरं काय विचारावं ते सुचेना.

"म्याच सोडला पायथ्याले. कणगीतून निंघाला अन् सरसर गेला. मांगं पाह्यलंच नाई त्यानं."

"प्रभाकर आला होता का?"

"दोनदा आले. म्या म्हटलं, मामंजीनं बाजारात खरं सांगावं, मी त्याच पावली येतो. मंग आले नाई."

मी बशीत चहा ओतला. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "दुपारी मी निजत नव्हती, डॉक्टरसाहेब. न्हाणीच्या खिडकीतून खुंटी दिसे. माळ टांगलेली दिसे. आत्याबाईचा सापळाही दिसे. मले वाटे, देतात त देऊ द्या, जीव वाचते त्याचा."

"मग तू त्या दिवशी—"

"अन् मामंजीनं दवाखान्यात बैल नेला व्हता. बैल लंगडत नव्हता. म्हंजे तुमाले बी माहीत व्हतं."

मी मान डोलावली.

"मी त सून," ती म्हणाली. "मामंजीचं नाव मले घेता येत नाई. तुमाले येत व्हतं."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिने रिकामा कप उचलला आणि आत गेली. बैलाची दाढ मी दुसऱ्या दिवशी येऊन काढली, तेव्हा चहा तिच्या भावाने आणला. कमल सासरी परत गेली नाही. मी जिल्ह्यात आणखी बरीच वर्षं होतो, धामणगावला कितीतरी वेळा गेलो, बाजाराच्या दिवशीही गेलो.

आता तात्या नाहीत, काकूही नाहीत. बोललो तर चहा बंद होईल असं कोणी उरलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो. लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचून पाहिलं, तर सगळीकडे मी 'तात्या' एवढंच लिहिलं आहे, त्यांचं नाव कुठेच नाही.